बेलपाड्यातली चाळीस मिनिटं

प्रिय काशिरामकाका,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. उरणला लेकीकडे आहात असं कळलं. बरं वाटतं ना तिथं? पप्पा रोज तुमची आठवण काढतात. त्यांच्या पहिल्या टेम्पोपासून तुम्ही बरोबर. मला शाळेत सोडायलाही कितीदा तुम्हीच यायचात. मागं ऑक्सिजनचे सिलिंडर, पुढं केबिनमध्ये मी.

गाड्यांना जीपीएस लावायचा हट्ट माझाच. पनवेल-खारघरभर फिरणारे आपले सात टेम्पो स्क्रीनवर ठिपक्यांसारखे दिसायला लागले आणि मला वाटलं, आता सगळं कळतं. तुमचा ठिपका बेलपाड्याला रोज चाळीस मिनिटं थांबायचा. त्या सोमवारी सगळ्या ड्रायव्हरांसमोर मी विचारलं, "काका, तिथं कुणाची खासगी कामं करता?" तुम्ही इतकंच म्हणालात, "बाय, गाडी थांबते, मी नाय थांबत." आणि चावी टेबलावर ठेवून निघून गेलात.

तुमच्या जागी कुंदनला पाठवलं. त्याचा ठिपका तिथंच, पंचावन्न मिनिटं! चिडून मी स्वतः त्याच्याबरोबर गेले. गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या, टेम्पो आत वळतच नाही. कुंदननं सिलिंडर खांद्यावर घेतला, मी मागून चालत राहिले. शेवटच्या घरी नाकाला नळी लावलेल्या कृष्णाबाई म्हणाल्या, "काशिराम नाय आला? माजी धाप बसंपर्यंत तो हलायचा नाय."

परतल्यावर मी सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या. सातही टेम्पो अशाच तीन गल्ल्यांच्या तोंडाशी अडकत होते. तो नकाशा घेऊन पालिकेत किती हेलपाटे घातले ते मलाच ठाऊक! आता तिन्ही ठिकाणी माल उतरवायला जागा आखून मिळालीय. अकरा ते चार तिथं मोटार लावता येत नाही. सिलिंडर पंधरा मिनिटांत पोचतात. उरलेला वेळ कुंदन कृष्णाबाईंपाशी बसतो. मीच सांगितलंय तसं.

काका, तुम्हाला आधी बाजूला घेऊन साधं विचारायला हवं होतं. मी चारचौघांत आरोप केला. म्हणून उद्या सकाळी गाड्या निघण्याआधी हे पत्र सगळ्या ड्रायव्हरांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, मगच पोस्टात टाकीन. परत या, असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. तरी म्हणते, या.

तुमचीच,
अबीगेल