ब्रेक तपासला

३ जून, सोमवार
कंपनीने आज प्रमाणपत्र दिलं. 'तीस वर्षं निर्दोष सेवा.' साहेबांनी हात मिळवला, फोटो काढला, टाळ्या झाल्या. बायकोने मी घरी पोचायच्या आतच खिळा ठोकून ठेवला होता — जेवणाच्या टेबलासमोर! आता रोज घास घेताना 'निर्दोष' वाचायचं.
जेवलो नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

४ जून
इथे तरी खरं लिहावं. ही वही बायको वाचत नाही. माझं अक्षर लागत नाही म्हणते.
नऊ वर्षं झाली. आम्ही जोडीने लिफ्टची देखभाल करायचो, मी आणि शिट्टी. लिफ्टच्या विहिरीत बोललेलं घुमतं, कळत नाही. म्हणून तो शिट्टीने खुणा करायचा. एक शिट्टी — थांब. दोन — वर. तीन — खाली. त्यावरूनच नाव पडलं.
त्या दिवशी चार इमारती होत्या. चौथीत वर चढून ब्रेक बघायची पाळी माझी. तो खाली खड्ड्यात होता. माझा गुडघा ठणकत होता, लोखंडी शिडी उभी. चढलो नाही. कार्डावर लिहिलं, 'ब्रेक तपासला.' खाली दोघांच्या सह्या.
दहा दिवसांनी तीच लिफ्ट दोन मजले खाली आपटली. आत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. खुब्याचं हाड मोडलं. अजून काठी घेऊन चालतात.
चौकशीत विचारलं, वर कोण गेलं होतं? मी शिट्टीकडे बोट दाखवून म्हणालो, 'हा.' शिट्टी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गेलो असेन."
त्याची नोकरी गेली. माझी राहिली.

५ जून
पित्ताचं औषध बायकोने बळेच पाजलं. कडू. बरं वाटलं.

६ जून
शिट्टी दर रविवारी चर्चला येतो. बाईंना घेऊन. शेवटच्या बाकावर बसतो आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला वेदीपुढे जायला कधी उठत नाही. मी मात्र रांगेत पहिला. मला वाटतं, माझं थोबाड बघावं लागेल म्हणूनच तो पुढे येत नाही. कोणता माणूस येईल?

८ जून, शनिवार
गेलो एकदाचा फादरांकडे, पापाची कबुली द्यायला. सगळं सांगितलं, शिडीपासून. फादर म्हातारे आहेत, मध्येच झोपले की काय असं वाटलं. पण नाही. ऐकत होते.
क्षमेचे शब्द म्हणाले. प्रायश्चित्त काय? तर एकदा स्वर्गीय पित्याची प्रार्थना.
मी म्हणालो, एवढंच?
"तुला काय हवं होतं? चाबूक?"
चिडलोच. नऊ वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरतोय आणि हे पोस्टातल्या कारकुनासारखा शिक्का मारून मोकळे! म्हणालो, मग शिट्टीचं काय?
"देवाने तुला माफ केलं. त्यासाठी आणखी काही द्यायचं नाही. पण शिट्टीची एक गोष्ट तुझ्याकडे आहे. ती त्याला परत करायला नको का?"
बाहेर पायरीवर बसून प्रार्थना म्हटली. मिनिटही लागलं नाही. माफी अशी फुकट मिळते? मला सहन होत नाहीये.

९ जून
रांगेत गेलो नाही. बायकोने कोपराने ढोसलं. पित्त, म्हणालो.

११ जून
शिट्टी आता बाजारात कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या बनवतो. त्याच्या टपरीवरून चार फेऱ्या मारल्या. शेवटी समोर उभा राहिलो आणि एक कुलूप घेतलं. तो "या" म्हणाला. अगदी नीट. मी काढता पाय घेतला.

१२ जून
आणखी एक कुलूप. बायको म्हणते, "अहो, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? ते प्रमाणपत्र?"

१३ जून
सांगितलं.
तो किल्लीवर कानस मारत होता. मी म्हणालो, त्या दिवशी वर कोणी गेलंच नव्हतं. पाळी माझी होती. मी खोटं बोललो.
कानस थांबली. वाटलं, आता ती माझ्या डोक्यात बसणार. बसली असती तर सुटलो असतो.
"म्हणजे मी वर गेलो नव्हतो?"
नाही.
"नक्की?"
नक्की. तू खाली होतास.
त्याने परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज फाटला.
"चार इमारती होत्या रे. सगळ्या शिड्या सारख्या. तू म्हणालास 'हा', मला वाटलं, गेलो असेन. ब्रेक बघितला असेल आणि झिजलेला दिसला नसेल. नऊ वर्षं आठवतोय मी. बाईंचं सामान पोचवतो तेव्हाही आठवतो. आठवतच नाही. वाटायचं, असल्या माणसाने वेदीपुढे कोणत्या तोंडाने जावं?"
मला वाटत होतं तो माझा राग करतो. माझा राग करायला त्याला काही माहीतच नव्हतं! नोकरी गेली ते दिसलं सगळ्यांना. त्याचा स्वतःवरचा भरवसाही मी घेतला, ते कोणालाच दिसलं नाही. मलाही नाही.
माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "तू जा आता."

१४ जून
साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "घरी बसा, कळवतो." नोकरी राहील असं दिसत नाही.
बायकोलाही सांगितलं. तिने प्रमाणपत्र उतरवलं आणि त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवलं. म्हणाली, "जेवून घ्या."
जेवलो.

१५ जून
टपरी बंद होती. शेजारचा चांभार म्हणाला, दोन दिवस झाले, उघडलीच नाही. त्याच्या घरी जायचा धीर झाला नाही.

१६ जून, रविवार
नेहमीच्या बाकावर बसलो. रांग लागली, पण उठवेना. मागून काठीचा आवाज आला. शिट्टी उठला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा! बाईंना हात देऊन पुढे चालला होता. माझ्या बाकाशी आला तसा थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. भर चर्चमध्ये, अगदी हळू, दोन शिट्ट्या दिल्या.
उठलो.