तेजीत कुणी येत नाही

तीर्थरूप ताईस,

मैसूरच्या विजयनगरातून धाकट्या हरिहरचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींनाही नमस्कार सांग, आणि ते टीव्हीवर शेअरबाजाराचे कार्यक्रम बघत असतील तर रिमोट लपवून ठेव. (हा सल्ला फुकट आहे.) आम्ही दोघं बरे आहोत. ईश्वरी बंगळुरूला असते. तिचं मराठी आता ‘आई’, ‘बाबा’ आणि ‘बरं’ एवढ्यावर आलंय, पण ते ती अगदी शुद्ध बोलते.

माझा धंदा तुला ठाऊकच आहे. निवृत्त माणसाला पुढची दोन-तीन वर्षं लागणारा पैसा बाजाराबाहेर ठेवायला लावायचा, उरलेला आत ठेवायचा, आणि बाजार आपटला की ‘काही करू नका’ म्हणून सांगायचं. काही करू नका, हे सांगण्याची फी घेणारे लोक दोनच, हाडांचे डॉक्टर आणि मी. गेल्या हिवाळ्यात बाजार असा काही घसरला की माझा फोन गरम होऊन खिशाला चटके बसायला लागले. कुणी म्हणे सगळं विका, कुणी म्हणे सोनं घ्या, एका बाईंनी तर मलाच शांत राहायला सांगितलं. (मी शांतच होतो. नखं खात होतो, ती वेगळी गोष्ट.)

त्या दिवसांत सुब्बराव सारखे यायचे. हे लष्कर मोहल्ल्यातले माझे ग्राहक. घराणं मराठी, पण कैक पिढ्या इथंच. पूर्वज कापड रंगवायचे, हे रेल्वेत होते. दारातूनच म्हणायचे, “हरिहरराव, मार्केट परत बिद्दलं की हो!” (बिद्दलं म्हणजे पडलं. धातू कन्नडचा, शेपूट आपलं.) मी आलेख काढून दाखवायचो, की बघा, तुमची पेन्शन चालू आहे, ही रक्कम तुम्हाला इतक्यात लागणारच नाही, पडलेलं वर येईल. ते आलेखाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचे. मी एकदा ‘घसरगुंडी’ म्हटलं, तर कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाले, “पुन्हा एकदा बोला तो शब्द.” मी बोललो. त्यांनीही दोनदा म्हणून बघितला आणि खूश होऊन घरी गेले. मला वाटलं, माझ्या आलेखाचा परिणाम.

पुढं बाजार सावरला, आणि मग चढतच गेला. ज्याला त्याला आपण हुशार आहोत असं वाटायला लागलं, आणि सुब्बराव यायचे बंद झाले. खरं तर हेच माझं यश. पण ताई, दाराशी चप्पल वाजली की माझी मान वर व्हायची. एका सोमवारी बाजार जरासा घसरला, तर मी केस विंचरून बसलो. दुपारी तो पुन्हा वर गेला आणि मला चक्क वाईट वाटलं. (हे माझ्या ग्राहकांना कळता कामा नये.)

शेवटी मीच लष्कर मोहल्ल्यात गेलो. मला दारात बघताच सुब्बरावांचा चेहरा पांढरा पडला. “किती गेले?” मी म्हटलं, “काहीच नाही, सहज आलो.” पण सल्लागार सहज घरी येतो यावर विश्वास कोण ठेवणार! समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं, शेजारच्या बाई पाणी घेऊन आल्या, आणि कुणीतरी कन्नडमध्ये शेअरबाजाराला शिव्या द्यायला सुरुवात केली. सुब्बराव बुडाले, हे गल्लीनं ठरवूनच टाकलं. मोबाइलवर त्यांची वाढलेली रक्कम दाखवली तेव्हा कुठं गर्दी हटली. जरा हिरमुसूनच.

मग आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं, “येत का नाही हो हल्ली?”

“सुम्मने कसं येऊ? उगाच कुणाचा वेळ घ्यायचा?” ते म्हणाले. “बायको कमलाक्षी गेली, तेव्हापासून घरात मराठी नाही. मुलगा निशांत कन्नड बोलतो, त्याची पोरं इंग्लिश. मला मराठी बोलायचं तर मार्केट पडायला पाहिजे, अल्ला?” (सुम्मने म्हणजे उगाच, आणि अल्ला म्हणजे ‘नाही का’.)

मी म्हटलं, गुरुवारी या. म्हणाले, “मार्केट वर असलं तरी?” असलं तरी, म्हटलं. आले. दारातूनच विचारलं, “कसं आहे मार्केट?” मी म्हटलं, “बघितलंच नाही.” बाहेर ग्राहक खोळंबला होता आणि आम्ही तासभर कोथिंबिरीच्या वड्या कशा कराव्यात यावर भांडत होतो. आता दर गुरुवारी येतात. फी द्यायला बघतात, मी घेत नाही. धंद्याचं नुकसान आहे, पण चालायचंच.

सर्वांना यथायोग्य.

तुझा,
हरी

ता. क. : तुझी गुंतवणूक झकास चालली आहे. काही करू नकोस.

आणखी एक : बाजार पडला होता तेव्हा तू एक दिवसाआड फोन करायचीस. पाच मिनिटं पैशांचं, आणि मग शेजारणीचं मांजर, भावजींचं पथ्य, मिरजेला नळ कधी येतो, सगळं. तेजी आली आणि तुझा फोन थांबला. मीच केला असता, पण माझं नाव दिसलं की ‘हॅलो’च्या आधी ‘किती बुडाले?’ विचारतेस आणि भावजींचं ब्लडप्रेशर चढतं. म्हणून हे पत्र. रविवारी फोन कर. कारण लागतच असेल तर वारसाचं नाव बदलायचंय म्हण. मी सावकाश सगळं समजावून सांगेन. नाव काही आपण बदलायचं नाही.