नवं व्हर्जन मध्येच थांबतं

सांगली, गुरुवार, डिसेंबर १९९९

संध्याकाळपासून जिवाला चैन नाही. ऊसतोडणी जोरात आहे, आणि ऑफिसातले महादेवदादा उद्या कारखान्याच्या वजनकाट्यावरचा आमचा प्रोग्राम ‘जावा’ या संगणकभाषेच्या नव्या व्हर्जनवर टाकणार होते.

दुपारी मी दोन्ही व्हर्जनवर एकच चाचणी घेतली. लाखो छोटे ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीतल्या नोंदी, तयार करायचे आणि लगेच सोडून द्यायचे. नवं कितीतरी पुढे गेलं. दादा खूश. “लय पळतंय की गं हे!”

पण आमचा प्रोग्राम सोडून कुठे देतो? प्रत्येक गाडीचं वजन दिवसभर मेमरीत धरून ठेवतो. म्हणून ऑब्जेक्ट धरून ठेवून पाहिलं, तर आमच्या तुटपुंज्या मेमरीत नवं व्हर्जन मध्येच थांबायला लागलं. माझंच काही चुकलं का? पुन्हा चालवलं. पुन्हा थांबलं. काट्यावर गाडी उभी आणि पडदा गप्प, असं झालं तर?

दादा म्हणाले, “आगं, उद्या नवं टाकायचा शब्द दिलाय सायबांनी कारखान्यात.”

शेवटी मीच आमच्या ऑफिसच्या साहेबांपुढे गेले. त्यांच्यासमोर चाचणी चालवली. पडदा थांबला. मग ते म्हणाले, “जुनंच राहू दे. पण कारखान्यात हे सांगायला तू जायचंस.”

जाणार. पण सुरुवात कुठून करू?