उजेडात धरलेल्या कांड्या

१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावजयीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो. भावोजींचा खोकला थांबला का, ते कळव.

मागच्या बुधवारी सकाळी नेहमीसारखी प्रार्थना करून मी प्रयोगशाळेत आलो, हात धुतले आणि कोमट पाण्यात वळूच्या रेताची एक गोठवलेली कांडी सोडली. अर्ध्या मिनिटाने ती कापली, थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थेंब चांगला असला की आत वारूळ फुटल्यासारखी लगबग दिसते. इथे काहीच हलत नव्हतं. दुसरी कांडी घेतली. मग तिसरी. नऊ पाहिल्या. साहेबांनी मला दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. भावोजी मला 'वळूंचा मध्यस्थ' म्हणून हसतात, म्हणून राहून गेलं. वळूचं रेत तपासायचं, अंड्याच्या बलकाच्या द्रावात मिसळायचं, बारीक कांड्यांत भरायचं आणि नायट्रोजनच्या डब्यात गोठवून ठेवायचं. मग ते वर्षानुवर्षं टिकतं. नियम एकच. डब्यातून वर काढलेल्या कांड्या आठ मोजेपर्यंत परत आत गेल्या पाहिजेत. उशीर झाला तर आतलं मरतं, आणि कांडी मात्र होती तशीच दिसते. मी आकडे मोजत नाही, आठ वेळा देवाचं नाव घेतो.

जुलैत तू म्हणालीस, "माझ्या तांबू गाईसाठी तुझ्या हातचं चांगलं काहीतरी पाठव रे." मी सगळ्यात चांगल्या वळूच्या कांड्या शोधायला बसलो. त्यांच्यावरचा नंबर फार बारीक असतो. वर्षभर मला जवळचं दिसत नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून अख्खा जुडगा खिडकीशी उजेडात धरला. नंबर वाचता वाचता नाव घ्यायचंच राहिलं. किती वेळ गेला, देव जाणे. तपासणी त्याआधीच झालेली होती, त्यामुळे पुन्हा कुणी पाहिलं नाही. त्याच जुडग्यातल्या कांड्या तुमच्या गुरांच्या डॉक्टरांकडे गेल्या, आणखी अकरा रेतन केंद्रांतही गेल्या.

त्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, तू फोनवर म्हणालीस, "तीनदा भरवली, तीनदा उलटली, गाभ काही राहिली नाही. वांझ निघाली रे. दिली व्यापाऱ्याला." तुझ्या सासरी 'वांझ' हा शब्द वीस वर्षं कुणाला लावला, ते मला ठाऊक आहे. मी आपलं "होतं असं कधीकधी" म्हणालो. पण फोन ठेवल्यावर ती खिडकी आठवली. म्हणून दुसऱ्या सकाळी उरलेल्या कांड्या पाहिल्या.

तांबू वांझ नव्हती, ताई. तिन्ही वेळा मी मेलेलं पाठवलं होतं.

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अहो काका, भाकड जनावर मी आठवडाभर बांधून ठेवीन होय?" ती पुढे कुठे गेली, ते न विचारताच मी फोन ठेवला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गाई उलटतातच की. उरलेल्या ओतून टाका, चष्मा करा आणि विषय संपवा. तुम्ही काय कुणाचा खून केलाय?" मी मान हलवली. चार दिवस मान हलवतच वावरलो. सकाळी प्रार्थनेला बसलो की पहिल्या ओळीपुढे सरकता येईना. अकरा ठिकाणी कुणीतरी आपल्या गाईकडे बघून 'वांझ निघाली' म्हणत असेल, आणि तिच्या गळ्यातलं दावं सोडत असेल.

काल दुपारी सगळं माझ्या अक्षरात लिहून काढलं, कांड्यांचे नंबर घातले, सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते जेवून यायच्या आत बाराही केंद्रांना फोन केले. उलटलेल्या गाई विकू देऊ नका, दोष त्यांचा नाही, माझा आहे, असं नाव सांगून म्हटलं. तीन ठिकाणी गाई अजून दावणीला आहेत. एका डॉक्टरांनी शिवी दिली, ती मी ऐकून घेतली. तुमचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या ताईंना मीच सांगतो." मी त्यांना थांबायला सांगितलं.

म्हणून हे पत्र. तू बोलावशील तेव्हाच येईन.

तुझा अपराधी,
धाकटा