गयेच्या वहीतला अंगठा

नावडे, १४ मार्च १९५८, सायंकाळी सव्वासहा. पडवीत बसून वाटेतल्या स्टेशनांची नावे शुद्ध करून लिहितो आहे. आजच घरी परतलो.

तीन वर्षांपूर्वी यात्रेला गेलेले बाबा परतलेच नाहीत. नाशिक, प्रयाग, काशी. पंड्यांच्या वह्यांत गाव शोधत फिरलो. एवढ्या मोठ्या देशात सापडला तो गयेच्या वहीत त्यांचा अंगठा. विळा लागल्याचा आडवा वण ठशातही स्पष्ट. शेजारी नोंद: 'स्वतःचे पिंड स्वतः दिले.'

पंडा म्हणाला, "जिवंतपणी आपले श्राद्ध केलेला माणूस घरी परतत नाही."

आमचे काय चुकले? तो वण मी बोटाने चाचपला...

आत्ता आईने विचारले, "घावला का रं तुजा बापूस? कुकू ठेवू का पुसू, येवरा सांग."

"ठेव," म्हणालो.

ती आत जाऊन आम्हा दोघांच्या ताटांशेजारी तिसरे ताट मांडते आहे.