गाडी भाड्याने घेतली आहे, आप्पा

आप्पा, मी स्कॉटलंडला चालले आहे आणि तिथे गाडी मी चालवणार आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. मुलगी तिथे नोकरीला असते. तिला रजा मिळत नाही, म्हणून उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख मी एकटीने फिरायचा ठरवला. तेव्हापासून ती रोज फोनवर एकच सांगते, "आई, ट्रेनचा पास काढते. खिडकीशी बस, चहा घे, डोंगर बघ. या वयात कशाला हट्ट?" माझा धाकटा भाऊ, तुमचा लाडका, अक्कलकुव्याहून मुद्दाम आला. "आक्का, तठे पोलिसस्नी धरं ते काय सांगशी?" मी म्हटलं, "लायसन दखाडसू. तू तुन्हं पाह्य." तो चहा न पिताच गेला.

ट्रेनशी माझं वैर नाही. नंदुरबारहून सुरतेला मी किती वेळा गेले, डबा उघडून आरामात जेवत गेले. पण ट्रेन तिच्या ठेशनावर थांबते, मला हव्या त्या वळणावर नाही. मुलीने घाबरवायला तिथल्या रस्त्याचा व्हिडिओ पाठवला. एकच गाडी जाईल एवढा अरुंद रस्ता, एका अंगाला दरी, समोरून कोणी आलं की एकाने कडेच्या फुगवट्यात थांबून वाट द्यायची. मला हसू आलं. हा तर आपला देवगोई घाट, फक्त हिरवा जास्त आणि हॉर्न कमी. शिवाय तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात.

तुम्हाला तो दसरा आठवत असेल. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, सुटीत घरी आलेली. अंगणात तुमची प्रवासी जीप धुऊन उभी आहे, झेंडूचा हार, बॉनेटवर मी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. ओवाळायचं मी आणि किल्ली फिरवायची भावाने, असा आपल्या घरचा रिवाज. तो केस विंचरत आत उभा होता. मी चढले आणि किल्ली फिरवली. घाटात हँडब्रेकवर विश्वास नको म्हणून तुम्ही जीप नेहमी गिअरमध्ये उभी करायचात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जीपने उडी मारली, लिंबं फुटली आणि पाण्याचं पिंप आडवं झालं. गल्ली हसत होती. तुम्ही हसला नाहीत. "उतर खाले," म्हणालात. "गाडी शे ती, चूल नही."

या वाक्याचं उत्तर आता ऐका. चुलीवर माझा हात भाजला तेव्हा मला कोणी चुलीपासून उठवलं नाही. तेल लावलं आणि पुन्हा बसवलं, भाजल्याशिवाय येत नाही म्हणून. जीपने एक पिंप लवंडलं तर कायमचं उतरवलं. भावाने तीच जीप मोलगीच्या रस्त्यावर नालीत घातली, तेव्हा तुम्ही लोकांना सांगत होतात, "शिकी ऱ्हायना पोऱ्या." पोरगा शिकतोय, एवढंच. मग धडगावच्या कचेरीत मला नोकरी लागली. सोमवारी तुमच्याच जीपमधून वर जायची, तीही मागे, बायकांत, कुणाचं तरी कोंबडीचं टोपलं मांडीवर घेऊन. पुढची जागा रिकामी असली तरी बाईला नाही. साहेबाच्या खुर्चीसमोर मी कधी मान खाली घातली नाही, पण तुमच्या जीपमध्ये मागच्या दारानेच चढले. तुम्ही गेल्यावर, चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या पगारातून गाडी घेतली आणि शिकले. आजवर कोणाच्या पिंपालाही धक्का लागलेला नाही.

काल मुलीने शेवटचा प्रयत्न केला. "बरं, गाडीच घे, पण ऑटोमॅटिक तरी घे ना." मी गिअरची घेतली. पैसे भरले, कागद आले, तो विषय संपला. वळणावर उतरीन, वाटेल तितका वेळ दरीकडे बघीन आणि मग निघीन. कोणी शिट्टी वाजवून मला डब्यात बोलावणार नाही.

हे पत्र कुठेही जायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. मोटार ट्रेनिंगच्या मास्तरांनी मला पहिल्यांदा चढावर नेलं. इंजिन कण्हायच्या आधीच मी गिअर खाली टाकला. ते म्हणाले, "ताई, आधी कोणी शिकवलंय?" मी ताडकन म्हटलं, "कोणी नाही." पण त्या मागच्या बाकावर बसून दर सोमवारी, संबंध घाटभर, मी बायकांच्या गप्पा ऐकत नव्हते, आप्पा. तुमचा क्लचवरचा डावा पाय बघत होते.