मिरचीनी आग

आबा,

‘प्रिय’ आज लिहवत नाही. नंदुरबारच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. आत आईच्या छातीला ईसीजीच्या तारा लावल्यात.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. कोरीटच्या घरी पाहुणे उतरलेत. सकाळी वरणाला फोडणी देता देता आईने छाती दाबून धरली, घामाने डबडबली, आणि म्हणाली काय? "मिरचीनी आग शे. उतरी जाई." तुमचंच वाक्य, जसंच्या तसं!

तुमचा सगळा जन्म मिरची वाळवण्यात गेला. खकाणा उडायचा, घसा जळायचा, छाती जळायची. म्हणून गेल्या वर्षी कळ आली तेव्हाही दोष मिरचीलाच! मी म्हणाले, "आबा, दवाखान्यात चला." तुम्ही डोळे वटारलेत. "तू मास्तरीन शेस, डॉक्टर नही." गाडी दारात उभी, किल्ली तुमच्या सदऱ्याच्या खिशात, आणि त्या खिशात हात घालायची एकाचीही छाती झाली नाही. आम्ही थांबलो. आई पाण्यात सोडा ढवळत होती, तेवढ्यात तुम्ही गेलात.

खापरच्या कॉलेजात अकरावीच्या पोरांना मी स्नायूंचे प्रकारच शिकवते. जठराचा, आतड्याचा स्नायू गुळगुळीत, बिनपट्ट्यांचा. त्याच्या पेशी मधे फुगीर, टोकांना निमुळत्या. सावकाश आवळतो, सावकाश सैल होतो. तो बिचारा मुकाट काम करत होता, त्याच्यावर कशाला आळ घेतलात?

हृदयाचा स्नायू निराळा. हातापायाच्या स्नायूसारखे पट्टे त्याला असतात, पण हातपाय ऐकतात तसा तो ऐकत नाही. पेशींना फाटे फुटलेले, एकमेकींत अडकलेल्या, होळीच्या नाचात हात धरतात तशा. एकीला इशारा मिळाला की सगळ्या मिळून आवळतात. ठोका कधी द्यायचा ते त्याचं तोच ठरवतो. फक्त त्याला रक्त लागतं. ते अडलं की हा स्नायू मरतो, आणि मेलेला पुन्हा होत नाही.

घरात तुमच्या हुकमाशिवाय टीव्हीसुद्धा लागायचा नाही. हृदयाला दटावून पाहिलंत का हो?

आज भाऊ म्हणाला, "ताई, आबास्नं वर्षश्राद्ध व्हई जाऊ दे, मंग देखू." मेल्यावरही तुम्हीच अडवता! किल्ली तुमच्या फोटोखालच्या खिळ्याला होती. मी ओढून काढली. फोटो कलला, तसाच सोडून आले.

डॉक्टर आत्ताच बाहेर येऊन म्हणाले, "लगेच आणलंत, बरं केलंत." आबा, हे वाक्य मला तुमच्याबद्दल ऐकायचं होतं! तुमचा किती राग येतो, कसं सांगू?

तरी वचन देते. आई घरी आली की तुमच्या आवडीचं सगळं रांधून ठेच्यासकट पान वाढीन. उद्या मात्र पान वाढलं जाणार नाही. पाहुणे परत गेले तरी चालतील.

तुम्ही थांबा. आम्ही थांबलो होतो तसे.

तुमची न ऐकणारी,
सुनंदा